फुकटच्या सॉफ्टवेअरचा खर्च: लहान संस्थेनं ओपन सोर्स कसं निवडावं

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या विश्वस्तांनी मला सभासदांची यादी, वर्गणी आणि कार्यकर्त्यांची आपसांतली बोलणी एका जागी आणायचं काम दिलं. मी उत्साहानं सर्व्हर (इंटरनेटवर कायम चालू असणारा भाड्याचा संगणक) घेतला, त्यावर एक नावाजलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर (ज्याचा कोड खुला असतो आणि जे कुणालाही वापरता, बदलता येतं असं) बसवलं आणि सगळ्यांना लॉगिन दिलं. वर्षभर छान चाललं. मग माझ्या क्रेडिट कार्डाची मुदत संपली, भाड्याचे पैसे कापले गेले नाहीत, सूचनेचे मेल मी न बघणाऱ्या पत्त्यावर जात राहिले आणि सर्व्हर पुसला गेला. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर. शेवटी वर्गणीची यादी लेखनिकांच्या वहीतून परत उभी केली. सॉफ्टवेअर चांगलंच होतं. चूक माझी होती, आणि ती बसवण्यात नव्हती, निवडण्यात होती. संस्थेला काय झेपेल याऐवजी मला काय जमतं हे मी पाहिलं होतं.

त्यानंतर तीन-चार संस्थांबरोबर हेच काम केलं. त्यातून हाताला लागलेली पद्धत इथं मांडतो. डोळ्यांसमोर आहे तो महाराष्ट्रातला छोटा नोंदणीकृत ट्रस्ट: दोन-तीनशे सभासद, तीस-चाळीस कार्यकर्ते, एखादा पगारी माणूस आणि वर्षातून एकदा येणारा ऑडिटर.

पायरी १: आधी दुखणं शोधा

सॉफ्टवेअरची नावं काढण्याआधी कार्यालयात एक साधी वही ठेवा. दोन आठवडे, जेव्हा जेव्हा कुणी विचारेल "ते कुठंय हो?", तेव्हा तो प्रश्न वहीत लिहायचा. "मागच्या शिबिराचा हॉल कुणी ठरवला होता?" "या बाईंची वर्गणी आलीय का?" "देणगीची पावती परत काढून द्या." "ठरावाची शेवटची प्रत कुणाकडं आहे?" पंधरा दिवसांनी वही उघडली की बहुतेक प्रश्न एकाच कप्प्यात पडलेले दिसतात. तो कप्पा तुमचं पहिलं काम. बाकीच्याला पुढच्या वर्षापर्यंत हात लावायचा नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत मात्र उलटं घडतं. प्रत्येक जण एक-एक सोय सुचवतो आणि यादी लांबत जाते. अशा यादीत बसणारं सॉफ्टवेअर मिळतंही, पण ते चालवायला वेगळा विभाग लागतो.

पायरी २: सांभाळणाऱ्यांची नावं लिहा

ओपन सोर्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण ते सांभाळावं लागतं. सुधारित आवृत्त्या बसवणं, बॅकअप पाहणं, पासवर्ड विसरलेल्यांना आत घेणं, नवीन कार्यकर्त्याला शिकवणं. माझ्या अनुभवात घडी बसलेल्या व्यवस्थेलाही महिन्याला चार तास लागतात. तीन वर्षांचे झाले १४४ तास, म्हणजे आठ तासांचे अठरा दिवस. हे दिवस कोण देणार, त्याचं नाव कागदावर हवं. आणि नावं दोन हवीत. एकच नाव असेल तर स्वतःच्या सर्व्हरचा विचार सोडा आणि त्याच सॉफ्टवेअरची कंपनीनं चालवलेली सेवा घ्या. ओपन सोर्सचा फायदा तिथंही उरतो, कारण उद्या आपला डेटा उचलून स्वतःच्या सर्व्हरवर न्यायची वाट खुली असते.

इथंच एक गोष्ट सांगून टाकतो, ती कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही. ट्रस्टचं बँक खातं दोन सह्यांवर चालतं, त्यामुळं त्याला बहुधा डेबिट कार्ड मिळत नाही. परदेशी सर्व्हर कंपनीला तर बहुधा कार्डच लागतं. मग एखादा कार्यकर्ता म्हणतो, "माझ्या कार्डावरून भरतो, मला नंतर द्या." त्या क्षणापासून सर्व्हर त्याचा झाला. डोमेनचंही, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाचंही, तेच. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांवर रिझर्व्ह बँकेचे कडक नियम आले आणि परदेशी कंपन्यांची अशी वजावट बऱ्याचदा अडकते. म्हणून संस्थेच्या नावानं बिल देणारी, वर्षाचे पैसे एकदम बँकेतून किंवा यूपीआयनं घेणारी भारतीय कंपनी शोधा. महिन्याला शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. खातं संस्थेच्या मेलवर उघडा, अध्यक्षांच्या खासगी मेलवर नको, अध्यक्ष बदलतात.

पायरी ३: कामाप्रमाणं निवडा

चर्चा हरवत असेल तर. व्हॉट्सअ‍ॅप बंद करायला जाऊ नका, हरणार तुम्हीच. गटात १,०२४ माणसं मावतात, सगळ्यांना ते येतं, निरोपासाठी ते उत्तम आहे. मात्र झालेला निर्णय तिथं टिकत नाही: वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो, नव्या माणसाला आधीची सगळी चर्चा दिसत नाही, आणि साध्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांसमोर उघडा पडतो. तेव्हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, काम दुसरीकडं, अशी वाटणी करा.

त्या 'दुसरीकडं'साठी माझी पहिली शिफारस झुलिप, कार्यकर्त्यांनी आपसांत संदेश पाठवून बोलायचं सॉफ्टवेअर. २०१५ पासून ते ओपन सोर्स आहे. त्यात प्रत्येक संदेशाला विषय द्यायची पद्धत आहे: 'शिबिर' या चॅनेलमध्ये 'जेवणाची व्यवस्था' हा एक विषय, 'बस' हा दुसरा. दिवसभर शेतावर किंवा नोकरीवर असलेला माणूस रात्री फक्त 'बस' उघडून वाचतो, बाकीचं सोडून देतो. पहिला आठवडा लोक कुरकुर करतात, मग सवय होते. शंभरापेक्षा कमी माणसांसाठी २ जीबी रॅमचा सर्व्हर पुरतो. झुलिपवाल्यांच्या स्वतःच्या क्लाउड सेवेत ना-नफा संस्थांना सवलतीसाठी अर्ज करता येतो. एक खोच आहे: स्वतःच्या सर्व्हरवर बसवलंत तरी मोबाइलवर टिंग वाजवणाऱ्या सूचना झुलिपच्याच यंत्रणेतून जातात आणि त्याची योजना वेगळी घ्यावी लागते. ते आधी पाहून घ्या, कारण फोन वाजला नाही तर कार्यकर्ता येत नाही.

चर्चा सावकाश चालणारी आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडणारी असेल, उदाहरणार्थ विशेष मुलांच्या पालकांचे प्रश्न किंवा बियाणं जपणाऱ्यांचे अनुभव, तर डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर. ते २०१३ साली आलं. मेललाच उत्तर देऊन भाग घेता येतो, जुने धागे शोधता येतात, आणि बॅकअप प्रशासकाच्या पानावरून उतरवून घेता येतो. बसवायला मात्र डॉकरची (सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवायच्या एका साधनाची) ओळख असलेला माणूस लागतो. सर्व्हर परवडतच नसेल तर २००० सालापासून चालत आलेलं पीएचपीबीबी हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत वाटलेल्या स्वस्त सर्व्हरवर) चालतं. दिसायला जुनाट आहे, पण चालतं.

मॅटरमोस्ट या झुलिपसारख्याच सॉफ्टवेअरचं नाव बरेच जण सुचवतात. ते चांगलं आहे, पण त्याच्या काही सोयी खुल्या आणि काही विकाऊ आहेत. तुम्हाला लागणारी सोय कुठल्या बाजूला पडते ते पाहूनच पुढं जा.

सभासद आणि देणग्या ही अडचण असेल तर. इथं सिव्हीसीआरएम. २००५ पासून ते ना-नफा संस्थांसाठीच घडवलेलं आहे: सभासदत्वाची मुदत, नूतनीकरणाची आठवण, देणगी, कार्यक्रमाची नोंदणी. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या आत ते बसतं, त्यामुळं ज्या संस्थेचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे तिला सोपं जातं. दोनशे सभासदांसाठी ते मोठं वाटेल. खरं सांगायचं तर पाचशे सभासदांच्या आत एक नीट राखलेली लिबरऑफिसची (एक्सेलसारख्या मोफत सॉफ्टवेअरची) फाइल, एकच माणूस आणि दर शुक्रवारी प्रत, एवढं पुरतं. ज्याला दोघांनी एकाच वेळी हात लावायचाय किंवा ज्यातून पावत्या काढायच्यात, तिथंच सिव्हीसीआरएमकडं वळा.

हिशेब, वस्तूंचा साठा, पगार हेही एकत्र हवं असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट आहे. ना-नफा संस्थांचा भाग आवृत्ती १४ पासून वेगळा बसवावा लागतो. तुमच्या लेखापालाचं टॅलीवर व्यवस्थित चालत असेल तर त्याला यात ओढू नका.

पत्रं आणि वार्तापत्र. लिस्टमंक. झिरोधा या शेअर दलाल कंपनीचे कैलाश नाध यांनी लिहिलेलं, हलकं, एक फाइल आणि पोस्टग्रेस डेटाबेस एवढ्यावर चालणारं. मेल प्रत्यक्ष पाठवण्यासाठी मात्र वेगळी सेवा लागते. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत हजार मेलना दहा सेंटच्या आसपास पडतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पाठवणाऱ्याची ओळख काटेकोर तपासतं, म्हणून डोमेनवर एसपीएफ आणि डीकिम या, मेल खरंच तुमच्याकडून आला हे पटवणाऱ्या, नोंदी करून घ्या. नाहीतर पत्रं स्पॅममध्ये जातील आणि सभासद म्हणतील, "निमंत्रण आलंच नाही."

गावोगाव माहिती गोळा करणं. कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके, मोबाइलवर फॉर्म भरून घेणारी साधनं. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर फॉर्म भरता येतो, रेंज आली की तो वर चढतो. एकाच बाळाची किंवा कुटुंबाची नोंद महिन्यामागून महिने ठेवायची असेल तर समन्वय या भारतीय संस्थेचं अवनी जास्त योग्य. लोक फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच भेटत असतील तर प्रोजेक्ट टेकफॉरडेव्ह या उपक्रमाचं, तिथंच लोकांशी संवाद साधणारं ग्लिफिक आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक वाहिनीला संदेशागणिक पैसे मोजावे लागतात हे धरून चला. गंमत म्हणजे टेकफॉरडेव्ह उभं करणारे डोनाल्ड लोबो हेच सिव्हीसीआरएमच्याही संस्थापकांपैकी एक.

फाइली. स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवायला नेक्स्टक्लाउड आहे, उत्तम आहे. तरी गूगलची ना-नफा संस्थांसाठीची मोफत सेवा भारतात मिळते. मेल आणि फाइली तिथं भागत असतील तर नेक्स्टक्लाउडची भानगड अंगावर घेऊ नका. पीडितांची, रुग्णांची, मुलांची कागदपत्रं असतील तर हिशेब बदलतो. ती आपल्या ताब्यातल्या जागीच असावीत.

पायरी ४: मराठीची परीक्षा घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. निवडलेल्या सॉफ्टवेअरचा नमुना बहुतेक ठिकाणी फुकट वापरून पाहता येतो. तिथं या गोष्टी करून बघा.

पावती छापा. पडद्यावर 'श्रीमती स्मिता' नीट दिसतं, पण पीडीएफमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. सिव्हीसीआरएममध्ये मुळात जी पीडीएफ यंत्रणा येते, डॉमपीडीएफ, तिला देवनागरीची अक्षरजुळणी येत नाही. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ जोडलं की सुटतं, पण ते साध्या होस्टिंगवर बसवता येत नाही. मराठी पावती हवी असेल तर होस्टिंग घेण्याआधी हे तपासा.

आडनावं शोधा. 'कऱ्हाडे' दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या र ला हलंत आणि एक न दिसणारं चिन्ह. दिसायला सारखं, संगणकाला दोन वेगळी माणसं. 'दीक्षित' आणि 'दिक्षित', 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' यांचं तर विचारूच नका. उपाय एकच: माणूस ओळखायचा तो सभासद क्रमांकानं किंवा मोबाइल नंबरानं, नावानं नाही.

'शाळा' शोधून पाहा. 'शाळेत', 'शाळेला' हे येत नाही. इंग्रजीत शब्दाची रूपं ओळखणारी शोधयंत्रणा मराठीला बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून झुलिप असो की डिस्कोर्स, विषयांची नावं नीट द्यायची शिस्त लावा. शोधावर भिस्त ठेवू नका.

मोबाइल नंबर मराठी अंकांत टाका. ९८ लिहिलं तर पुष्कळ फॉर्म नाकारतात, काही गुपचूप स्वीकारतात आणि एसएमएसच्या वेळी अडतात. अंक इंग्रजीत, असा नियम भिंतीवर लावा.

नावाचे रकाने बघा. आपल्याकडं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिपेडी असतं. दोनच रकाने असतील तर मधलं नाव कुणी पहिल्यात भरतं, कुणी दुसऱ्यात. पत्त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका यांचे रकाने आपण वाढवावे लागतात. पहिल्याच दिवशी वाढवा.

पायरी ५: जुना डेटा आणा

इथं वेळ जातो, सगळ्यात जास्त. २००५-१० च्या आसपासच्या याद्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत असतात. फॉन्ट काढला की आत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरांत चुका करतात. शंभर नावं डोळ्यांनी तपासलीच पाहिजेत.

युनिकोडमधली (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीतली) यादीही सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये असेल तर एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडली की प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतात. लिबरऑफिस उघडताना विचारतं, तिथं यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत निवडा. एक्सेल आणखी एक उद्योग करतं: ९१ लावलेला बारा अंकी मोबाइल नंबर '९.१९ई+११' असा दाखवतं, आणि त्या अवस्थेत फाइल जतन केली तर नंबर कायमचा गेला. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा.

एकदम सगळी यादी टाकू नका. आधी वीस माणसं, त्यातही मुद्दाम अवघड: दोन पत्ते असलेले, लग्नानंतर आडनाव बदललेल्या, सभासदही आणि देणगीदारही असलेले. ती वीस नीट बसली की उरलेली बसतात.

देणग्यांबाबत ऑडिटरला आधी भेटा. पावती क्रमांक सलग हवेत आणि रद्द पावतीही नोंदीत राहिली पाहिजे. ती पुसून टाकू देणारं सॉफ्टवेअर ऑडिटच्या वेळी अंगाशी येतं. ८०जी म्हणून आपण ओळखतो ती देणगीदारांची आयकर सवलत संस्थेला असेल तर २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचं वार्षिक विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं. त्यात पॅनसारखा ओळख क्रमांक, पत्ता, रक्कम, रोख की बँकेतून हे लागतं. हे चार रकाने देणगी घेतानाच भरून घ्या, मे महिन्यात फोन करत बसण्यापेक्षा बरं.

पायरी ६: तीन वर्षांचा खर्च मांडा

एका वर्षाचा आकडा फसवा असतो. २ जीबीचा सर्व्हर परदेशी कंपनीकडं महिना १२ डॉलरच्या आसपास. त्यावर १८ टक्के जीएसटी. महिना बाराशे रुपये धरले तरी तीन वर्षांचे ४३,२०० झाले. त्यात डोमेन, मेलचा खर्च, दुसऱ्या जागी ठेवलेला बॅकअप आणि वर्षातून एकदा जाणकाराला द्यायचे पैसे मिळवा. शेजारी लिहा ते १४४ तास. मग त्याच सॉफ्टवेअरच्या आयत्या सेवेचा तीन वर्षांचा आकडा मांडा. लहान संस्थेला आयती सेवा पुष्कळदा स्वस्त पडते, आणि हे बोलायला ओपन सोर्सवाल्यांना का लाज वाटते कोण जाणे.

पायरी ७: परवाना आणि प्रकल्पाची तब्येत

यात फार खोल जायची गरज नाही. गेल्या सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली का, सुरक्षेच्या त्रुटी जाहीर करतात का, काम एकाच कंपनीच्या हातात आहे का, एवढं पाहा. कंपनी बदलली तरी खुला परवाना कसा उपयोगी पडतो याचं उदाहरण नेक्स्टक्लाउडच आहे: २०१६ साली ओनक्लाउड या तशाच सॉफ्टवेअरचे संस्थापक फ्रँक कार्लिचेक बाहेर पडले आणि त्याच खुल्या कोडवर त्यांनी ते उभं केलं.

पायरी ८: महिनाभर एका गटावर चालवा

सगळ्या संस्थेवर लादू नका. एक कार्यक्रम, एक गट, एक महिना. गटात साठीपुढचे दोघे हवेत आणि फोनवर मराठी टाइप न करणारा एक तरी हवा. महिन्याअखेरीला एकच गोष्ट मोजा: पहिल्या पायरीतल्या वहीतले प्रश्न कमी झाले का?

याच महिन्यात निघून जायची तालीम करा. सगळा डेटा बाहेर काढा, दुसऱ्या संगणकावर उघडा, बॅकअपवरून सगळं परत उभं करा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही तो नसल्यात जमा. ही तालीम पुढं दर सहा महिन्यांनी.

संमतीचंही आत्ताच बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून ठेवायची सवय तर आजच मोडा.

पायरी ९: ठराव करा

महिनाभरानंतर पुढं जायचं ठरलं तर ते तोंडी राहू देऊ नका. प्रोसिडिंग बुकात लिहायचा मसुदा असा:

"संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या समन्वयासाठी ...... हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचे ठरले. डोमेन व सर्व्हर संस्थेच्या नावे व संस्थेच्या ईमेलवर नोंदवले जातील. देखभालीची जबाबदारी श्री./श्रीमती ...... व श्री./श्रीमती ...... यांच्याकडे राहील. पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यालयाच्या कपाटात ठेवले जातील व बदलल्यास लिफाफा बदलला जाईल. बॅकअप दर आठवड्यास सर्व्हरबाहेर ठेवला जाईल व दर सहा महिन्यांनी तपासून तसे कार्यकारिणीस कळवले जाईल. वार्षिक खर्च रु. ...... संस्थेच्या खात्यातून केला जाईल. कोणीही वैयक्तिक कार्डावरून भरणा करू नये. सूचक ...... अनुमोदक ...... ठराव सर्वानुमते मंजूर."